लेकीच्या बँडचे तीन अल्बम

माझी मुलगी बँडमध्ये आहे असं सांगितलं की नगरमध्ये समोरचा माणूस आधी लग्नाची तारीख सांगतो. त्यात त्याची काही चूक नाही. आमच्याकडे बँड म्हणजे लाल कोट, क्लॅरनेट आणि वरातीपुढचा नाच. मग मी सांगते की हा तसला बँड नाही. ही तिघंच आहेत. गाणी स्वतः लिहितात, चाली स्वतः लावतात, घरातच रेकॉर्ड करतात आणि मोबाईलवरून लोकांना ऐकायला देतात. मागे कुठली मोठी कंपनी नाही की सिनेमा नाही. याला इंडी पॉप म्हणतात, हे मला लेकीनंच शिकवलं. समोरचा "असं होय" म्हणतो आणि लगेच विचारतो, की ती नोकरी काय करते.

नोकरी करते ती. एका शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवते. पण मला सांगायचं आहे ते तिच्या बँडबद्दल. गेल्या काही वर्षांत त्यांचा आवाज कुठून कुठे गेला, आणि तो ऐकता ऐकता माझं काय काय झालं, त्याबद्दल.

माझं स्वतःचं आयुष्य कॉलेजच्या फिजिक्सच्या लॅबमध्ये गेलं. बारावी सायन्स झाल्यावर मी तिथे परिचर म्हणून लागले. उपकरणं पुसायची, टेबलांवर मांडायची, प्रॅक्टिकल संपलं की नीट बघून कपाटात ठेवायची. पुढे सहाय्यक झाले. एकतीस वर्षं झाली. गाण्याचा क्लास मी कधी केला नाही, पण ट्यूनिंग फोर्कच्या पेटीतले आठही काटे मला नुसत्या आवाजावरून ओळखता येतात. विद्यार्थ्यांनी काटे उलटसुलट ठेवले तर वर कोरलेला कंपनांचा आकडा न वाचता मी ते जागेवर लावते. कॉलेजात कुणी पाहुणे आले की सर मला ते करून दाखवायला सांगायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

लेक आमच्याच कॉलेजात शिकली. दुसऱ्या वर्षाच्या गॅदरिंगला तिनं दोन मुलांबरोबर एक गाणं म्हटलं, ते त्यांचं स्वतःचं होतं. त्यातला गिटार वाजवणारा कापड बाजाराजवळ राहणारा. त्याच्या वडिलांचं टेलरिंगचं दुकान. त्यांच्या घरात दखनी बोलतात, पण गाणी तो मराठीतच लिहायचा आणि ऱ्हस्व-दीर्घ आमच्या लेकीपेक्षा शुद्ध. दुसरा मिरजगावचा, शेतकऱ्याच्या घरातला. गावात हलगी वाजवायचा, इथे येऊन ड्रम शिकला. हायवेच्या कडेला वाढलेला असल्यामुळे कुठल्याही गाडीचा हॉर्न तो तोंडानं हुबेहूब काढायचा. लेक गायची आणि कीबोर्ड वाजवायची. गॅदरिंगमध्ये टाळ्या पडल्या, आणि त्या टाळ्यांवर तिघांनी ठरवून टाकलं की आपला बँड झाला.

पहिला अल्बम आमच्या घराच्या मागच्या खोलीत झाला. उन्हाळ्याच्या सुट्टीत. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून खिडक्यांना गाद्या उभ्या केल्या होत्या आणि पंखा बंद. तिघं घामानं निथळत बाहेर यायची, माठातलं पाणी प्यायची आणि परत आत जायची. आमची अख्खी आळी त्यांच्या वेळेनुसार चालायला लागली होती. शेजारच्या वहिनी मिक्सर लावायच्या आधी दारात येऊन विचारून जायच्या. मीच एकदा विसरले. पाचव्या गाण्याच्या शेवटी कुकरची एक शिट्टी ऐकू येते, ती माझी. ते गाणं परत म्हणा म्हणून मी किती विनवलं, पण तिघांनाही ती शिट्टी आवडली. ती तशीच राहिली.

आठ गाणी होती. एसटी स्टँडवर बस चुकलेल्या मुलीचं एक. मेसच्या पातळ वरणाचं एक. सावेडीच्या रस्त्यावर सायकल शिकवणाऱ्या बापाचं एक, ते ऐकून माझ्या मिस्टरांनी दुसरीकडे तोंड केलं होतं. गिटार स्वच्छ, ठेका सोपा आणि सगळ्यांच्या पुढे माझ्या लेकीचा आवाज. एकदा ऐकलं की गुणगुणता यायचं. स्टाफरूममध्ये ते वाजायला लागलं. ऑफिसमधल्या बाईंनी त्यातलं एक मोबाईलच्या रिंगला लावलं. प्रॅक्टिकलला येणारी मुलं आपसात कुजबुजायची, या मॅडम म्हणजे बँडवालीची आई. मी ऐकू न आल्यासारखं करायची आणि दिवसभर खूश असायची. त्या अभिमानासाठी मला काही करावं लागलं नव्हतं. गाणी कानाला गोड होती, लोक कौतुक करत होते आणि मी मान डोलवत होते.

मग तिघं नोकऱ्यांना लागली. ड्रमरला अकोले तालुक्यात राजूरला बँकेत नोकरी लागली. मला वाटलं, आता बँड संपला. नगर कुठे आणि राजूर कुठे, पार जिल्ह्याच्या टोकाला. पण झालं उलटंच. दर शनिवारी ही दोघं सामान पाठीला लावून एसटीनं राजूरला जायला लागली. त्यानं तिथे एका दुकानाच्या वरची खोली घेतली होती. पहिल्याच पावसाळ्यात त्याचा मला फोन आला.

"काकू, हितं ढग खोलीत येत्यात," तो म्हणाला. "खिडकी लावली तरी येत्यात."

नगरच्या कोरड्या हवेत वाढलेल्या मुलांना ते नवीन होतं. लेक सांगायची की बाजाराच्या दिवशी डोंगरातल्या वाड्यांवरून माणसं उतरतात, पण धुक्यामुळे आधी फक्त त्यांचं बोलणं ऐकू येतं, माणूस नंतर दिसतो. कधी कधी दिसतच नाही, बोलणं तेवढं शेजारून निघून जातं. तिला असं गाणं करायचं होतं. गिटारवाल्यानं पायानं दाबायच्या छोट्या छोट्या डब्या आणल्या होत्या. त्यातून गेलेला आवाज लांबायचा, परत परत यायचा, वितळल्यासारखा व्हायचा. लेक रविवारी संध्याकाळी ओल्या कपड्यांनी घरी यायची, डोळे चमकत असायचे. काय केलं ते ऐकव म्हटलं तर म्हणायची, पूर्ण झाल्यावर ऐक.

दोन पावसाळे गेले. दुसरा अल्बम आला त्या दिवशी आम्ही दोघं माझ्या नणंदेला शिर्डीच्या स्टेशनवर सोडायला गेलो होतो. परतताना मी मोबाईल गाडीच्या स्पीकरला जोडला. माझे मिस्टर साखर कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त आहेत. कुठलाही आवाज ऐकला की त्यात बिघाड शोधायचा ही त्यांची जन्माची सवय. पहिलं गाणं सुरू झालं. आधी एक लांबलचक घुमणारा आवाज, तो हळूहळू लहान-मोठा होतोय. मग कुठून तरी लेकीचा आवाज आला, पण पाण्याच्या तळातून यावा तसा. शब्द एकमेकांत मिसळलेले. दुसरं गाणं तसंच. तिसरं तर सात मिनिटांचं, त्यात ठेका सुरू व्हायलाच तीन मिनिटं लागली. बाभळेश्वरच्या पुढे मिस्टरांनी गाडी बाजूला घेतली, खाली उतरून दाराच्या स्पीकरवर दोनदा थापटून पाहिलं आणि म्हणाले की स्पीकर गेला. मी म्हटलं, स्पीकर चांगला आहे, गाणंच असं आहे.  ते आत येऊन बसले आणि पहिला अल्बम लावायला सांगितलं. मी लावला.

घरी लेक वाट बघत होती. तिला काय वाटेल याचा विचार न करता मी बोलून गेले.

"यात तुझा आवाजच सापडत नाही गं."

"आवाज आहे, आई," ती म्हणाली. "फक्त पुढे उभा नाहीये."

याला सायकेडेलिक म्हणतात, असं तिनं सांगितलं. झोप आणि जाग यांच्या मधल्या वेळात जसं ऐकू येतं तसं. मी म्हटलं, लोकांना जागेपणी ऐकायचं असतं. ती हसली, पण ते हसू मला कळण्याइतकी मी तिची आई आहे. त्यानंतर तिनं मला गाणी ऐकवणं बंद केलं. भांडण नाही, अबोला नाही. जेवताना शाळेतल्या मुलांबद्दल बोलायची, भाजीला मीठ कमी आहे म्हणायची. गाण्याबद्दल एक शब्द नाही.

पण त्याहून वाईट मी वागले ते पुढेच. एक दिवस ऑफिसमधल्या त्याच बाई लॅबमध्ये आल्या होत्या. त्यांनी विचारलं, मुलीचं नवीन काही आलं का. मी म्हटलं, नाही हो, नोकऱ्यांमुळे हल्ली त्यांना वेळच मिळत नाही. बाई म्हणाल्या, अरेरे, चांगली गायची. मी मागे वळले तर दारात लेक उभी होती. माझा चष्मा घरी राहिला होता, तो द्यायला शाळेत जाता जाता आली होती. तिनं चष्मा टेबलावर ठेवला, बाईंना नमस्कार केला आणि गेली. घरी त्याबद्दल एका अक्षरानं बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

महिनाभर मला ते आतल्या आत खात होतं. अल्बम आवडला नव्हता हे खरं, पण तो आलाच नाही असं मी चारचौघांत सांगितलं होतं. ज्या गोष्टीसाठी ती दोन वर्षं दर शनिवारी एसटीत उभी राहून गेली, ती मी पुसून टाकली होती.

मग बीट्सचं प्रॅक्टिकल आलं. ते दर वर्षी येतं. एकाच आकड्याचे दोन ट्यूनिंग फोर्क घ्यायचे, लाकडी खोक्यांवर बसवायचे आणि एकाच्या टोकाला थोडंसं मेण चिकटवायचं. मेणाच्या वजनानं त्याचा सूर किंचित उतरतो. मग दोन्ही एकदम वाजवले की आवाज स्थिर राहत नाही. लहान होतो, मोठा होतो, लहान होतो, मोठा होतो. सेकंदात किती वेळा होतो ते मोजायचं. त्यालाच बीट्स म्हणतात. मेण मी नेहमी स्वतः लावते, कारण मुलं गोळेच्या गोळे लावतात. त्या दिवशी मेण लावून मी दोन्ही काटे वाजवून पाहिले आणि हात तसाच राहिला. हा आवाज मी लॅबच्या बाहेर कुठेतरी ऐकला होता.

गाडीत ऐकला होता. बाभळेश्वरच्या अलीकडे.

दुपारी घरी गेले. चप्पल काढून सरळ मागच्या खोलीत बसले आणि इयरफोन लावून तो अल्बम पहिल्यापासून ऐकला. तिसरं गाणं आलं तेव्हा घड्याळ समोर धरून मोजत गेले. सुरुवातीला सेकंदाला चार बीट्स. गाणं पुढे जाईल तसे ते संथ होत होते. तीन. दोन. ठेका सुरू होतो त्या क्षणी दोन्ही सूर एकमेकांत पूर्ण मिळतात आणि आवाज एकदम शांत, सरळ होतो, आणि त्या सरळ आवाजात माझ्या लेकीचा पहिला शब्द येतो. सात मिनिटांचं गाणं उगाच लांबवलेलं नव्हतं. दोन सूर एकमेकांना शोधत होते आणि ते सापडेपर्यंत ती गात नव्हती. मी ते गाणं चार वेळा ऐकलं. दुसऱ्या वेळेपासून मी मोजणं सोडून दिलं.

लेक शाळेतून आली. मी चहा ठेवला होता.

"तिसऱ्या गाण्यात दोन सूर जवळजवळ ठेवलेत ना?" मी विचारलं. "सेकंदाला चार बीट्स. आणि मग खालचा हळूहळू वर आणलाय."

तिच्या खांद्यावरची पर्स तशीच राहिली. "तुला ऐकू आलं ते?"

"माझं कामच आहे ते."

ती खुर्ची ओढून बसली. चहा गार झाला. तिनं मला एकेक गाणं लावून समजावलं. पहिल्या गाण्यातला आवाज पाण्याखालून आल्यासारखा का आहे, चौथ्यात तिचाच आवाज उलटा फिरवून मागे कसा ठेवलाय, सहाव्यात मागे ऐकू येणारी गजबज राजूरच्या बाजारातली कशी आहे. सगळं मला आवडलं असं म्हणणार नाही. पाचवं गाणं मला आजही आवडत नाही आणि ते मी तिला सांगितलेलं आहे. पण प्रत्येक आवाज विचार करून तिथे ठेवलेला होता, हे मला कळलं. शेवटी मी त्या दिवशीच्या लॅबमधल्या बोलण्याची माफी मागितली. ती म्हणाली, जाऊ दे. मग गार चहा परत गॅसवर ठेवता ठेवता म्हणाली की तेव्हा मात्र फार लागलं होतं.

त्यानंतर ती मला प्रश्न विचारायला लागली. सूर अर्धा करायचा म्हणजे आकडा किती होतो, दोन लहरी एकमेकींना खाऊन टाकतात म्हणजे काय होतं, खोक्याशिवाय काटा एवढा बारीक का वाजतो. स्वयंपाक करता करता मी उत्तरं द्यायची. तिच्या डोक्यात पुढचा अल्बम सुरू झाला होता, आणि यात तार नको होती की कातडं नको होतं. विजेतून काढलेला आवाज हवा होता. तिनं एक छोटा सिंथेसायझर घेतला. ड्रमरनं ड्रम बाजूला ठेवून बोटांनी वाजवायचा रबरी चौकोनांचा डबा आणला, आणि त्यात स्वतःच्या हलगीचे ठोके भरून त्यांना इतकं बदललं की ते दगडावर पाणी पडल्यासारखे वाजायला लागले.

गिटारवाल्याची मला काळजी वाटत होती. मिस्टरांची पँट आल्टर करायला मी त्याच्या वडिलांच्या दुकानात गेले होते, तेव्हा त्यांनी टेप गळ्यात तशीच ठेवून मला हळूच विचारलं होतं की यानं गिटार विकली की काय, घरात वाजल्याचं ऐकूच येत नाही. पुढच्या वेळी तो घरी आला तेव्हा मी विषय काढला. त्यानं मला त्यांच्या एका नवीन गाण्याचा तुकडा ऐकवला. त्यात मागे ढग सरकावेत तसा एक आवाज होता.

"ही गिटारच आहे, काकू," तो म्हणाला. "पण अब्बांना सांगू नका. त्यांना वाटेल मोडली."

एवढं सगळं जमूनही लेकीला एक आवाज मिळत नव्हता. अल्बमच्या मधोमध तिला एकच सूर हवा होता, खूप खालून निघून वरपर्यंत चढत जाणारा, पायऱ्या न घेता, घसरगुंडीवरून उलटं वर जावं तसा. कॉम्प्युटरवर करून पाहिलं, तर तिला तो फार गुळगुळीत वाटला, म्हणाली यात कुणी माणूसच नाही. मी म्हटलं, आमच्या लॅबमध्ये जुना ऑडिओ ऑसिलेटर आहे.

तो हिरव्या रंगाचा लोखंडी डबा आहे. पुढे ताटलीएवढी काळी डायल. ती फिरवली की सूर खाली-वर होतो. तापायला दहा मिनिटं घेतो आणि तापल्यावरही थोडा हलतो, म्हणून मुलं त्याला शिव्या देतात. नवीन डिजिटल आलेत, त्यांच्यात आकडे टकाटक बदलतात. पण एका आकड्यातून दुसऱ्यात वाहत जायचं म्हटलं तर तोच जुना. मी विभागप्रमुखांकडे रीतसर अर्ज दिला आणि त्यांनी रविवारी सकाळी लॅब उघडायची परवानगी दिली.

तिघं आली. मी डबा चालू करून ठेवलाच होता. लेकीनं सांगितलं की शंभरपासून हजारापर्यंत जायचं, चाळीस सेकंदांत, कुठे अडखळायचं नाही. डायल तीच फिरवणार होती. दोन-तीनदा फिरवली. प्रत्येक वेळी शेवटाकडे सूर एकदम पळायचा. मी तिला सांगितलं की या डायलवरचे आकडे सारख्या अंतरावर नाहीत, शेवटाकडे ते गर्दी करतात, म्हणून तिथे हात अगदी संथ करावा लागतो. तिनं आणखी एकदा पाहिलं. मग बाजूला झाली आणि म्हणाली, "तूच कर."

मी टेबलापाशी उभी राहिले. घराबाहेर मला काम सांगणारी माणसं आयुष्यात खूप भेटली, पण पोटच्या मुलीनं ज्या आवाजात मला त्या दिवशी काम सांगितलं तसं कुणी सांगितलं नव्हतं. परत. परत, मधे थोडं हललं. परत, सुरुवात लवकर झाली. मी आपली "हो" म्हणत होते आणि डायल शंभरवर आणत होते. ड्रमर मोबाईलवर सेकंद बघत होता. गिटारवाला कोपऱ्यातल्या स्टुलावर श्वास धरून बसला होता, कारण स्टूल वाजतं. आठ वेळा झालं. नवव्या वेळी मी डायलकडे बघणं सोडून दिलं आणि नुसतं ऐकत गेले. नळीवर स्पीकर धरून आवाज कुठे मोठा होतो ते शोधायला मुलांना शिकवताना मी हीच डायल केसाएवढी केसाएवढी सरकवत आले होते. हाताला माहीत होतं. सूर खालून निघाला, जमिनीतून आल्यासारखा, टेबलावरच्या काचेच्या नळ्या मधेच एकदा किणकिणल्या, आणि तो कुठेही न थांबता वर गेला.

लेकीनं रेकॉर्डिंग बंद करेपर्यंत कुणी हललं नाही.

"हेच," ती म्हणाली. "नळ्यांचा आवाजही राहू दे."

मिरजगावच्या पोरानं मोबाईल माझ्यासमोर धरला. एकेचाळीस सेकंद. एक सेकंद जास्त झाला म्हणून मी परत करायला निघाले होते, तर तिघांनी मला थांबवलं. कपाटं नीट ठेवते, काही फुटू देत नाही, असं माझं कौतुक इतक्या वर्षांत पुष्कळ झालं होतं. गाण्यासाठी माझ्या कानाचं आणि हाताचं कौतुक झालं ते त्या रविवारी. त्या दिवशी लॅब बंद करताना मी त्या हिरव्या डब्यावरची धूळ पदरानं पुसली.

तिसरा अल्बम आला तेव्हा त्याच्या माहितीत कोण काय वाजवतं त्याची यादी होती. लेकीचं नाव, दोघांची नावं आणि शेवटच्या ओळीत ऑसिलेटर, त्यापुढे माझं नाव. पूर्ण नाव, सासरच्या आडनावासकट. मी ते मोबाईलवर मोठं करून स्टाफरूममध्ये नेलं. कुणी विचारायची वाट बघितली नाही. ऑफिसमधल्या बाईंना आधी दाखवलं आणि त्यांना हेही सांगितलं की मागे तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले होते, दुसरा अल्बम तेव्हाच आला होता, तोही ऐका. बाईंनी दोन्ही ऐकले. दुसरा काही झेपला नाही म्हणाल्या. मी म्हटलं, तिसऱ्या गाण्यापासून सुरू करा आणि घाई करू नका.

पुण्यात, मुंबईत, बंगळुरात त्यांचे कार्यक्रम होत होते, पण आपल्या गावात झाला नव्हता. तो गेल्या हिवाळ्यात झाला. पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, पण लेकीनं स्टेजवरून "नमस्कार नगर" म्हटलं आणि हॉल नुसता ओरडला. संध्याकाळी सहाची वेळ, साडेपाचलाच खुर्च्या संपल्या. मिस्टर मागे साउंडवाल्याच्या शेजारी जाऊन उभे होते. कुठली वायर कुठे जाते ते त्यांना बघायचं होतं. माझ्या शेजारी ड्रमरचे वडील बसले होते. मिरजगावहून दुपारीच आले होते, स्वच्छ पांढरा शर्ट, हातात टोपी.

तिघांनी तिन्ही अल्बममधली गाणी वाजवली. एसटी स्टँडवरच्या मुलीचं गाणं आलं, पण आता त्याच्याभोवती धुकं होतं आणि खाली विजेचा ठेका. हॉलमधली पोरं तरीही पहिल्या शब्दापासून बरोबर गात होती. माझी लेक काही ओळींना गप्पच राहिली आणि हॉलनं त्या म्हटल्या. मला वाटलं, पहिल्या अल्बमच्या वेळी मी जिला ऐकत होते ती फक्त माझी मुलगी होती. ही एक गायिका होती, आणि तिच्या आवाजाला आता पुढे उभं राहायची गरज उरली नव्हती.

ड्रमरचे वडील बराच वेळ पुढे वाकून बघत होते. मग मला हळूच म्हणाले, "ताई, ह्यात आमचा पोरगा कुठं वाजवतोय? ड्रम तर दिसंना."

मी त्यांना दाखवलं. त्याच्यापुढे ठेवलेला तो रबरी चौकोनांचा डबा, त्यावर चालणारी त्याची बोटं. हा जो खालचा ठोका ऐकू येतोय ना, तो तुमच्या घरातल्या हलगीचाच आहे, त्यानं त्याचं रूप बदललंय, असं सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. एक अख्खं गाणं तसेच बसून राहिले. त्यांच्या मांडीवरच्या टोपीवर बोट हलत होतं, आणि ते ठेक्यात होतं.

गाणं संपल्यावर ते म्हणाले, "समदं न्हाई कळलं. पन चुकत न्हाई कुटं, एवडं कळतं."

मी म्हटलं, भाऊ, मलाही कळायला वेळ लागला.

शेवटी तो चढत जाणारा सूर आला. तो स्टेजवर वाजवता येत नाही, म्हणून रेकॉर्ड केलेलाच लावतात. खालून निघाला, खुर्च्यांच्या पायांतून जाणवला, नळ्या किणकिणल्या, आणि पाचशे माणसं गप्प बसून तो वर जाताना ऐकत होती. वर पोचला तेव्हा टाळ्या सुरू झाल्या. मी उठून उभी राहिले. मागच्यांना दिसेना, कुणीतरी बसा म्हणालं, तरी मी बसले नाही.